जाड पत्रा जीव वाचवतो का?

‘अँबॅसॅडरचा पत्रा वाजवून बघा. आताच्या गाड्या म्हणजे नुसते डबे!’ जुन्या गाड्यांचा विषय निघाला की हे ऐकायला मिळतंच. पत्रा जाड होता, हे खरंच. पण टकरीत त्याचा उपयोग किती?

अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने 2009 मध्ये 1959 ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 ची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या ताशी 64 किमी वेगाने समोरासमोर, ड्रायव्हरच्या बाजूने आदळवल्या. वजनाला दोघी साधारण सारख्याच. बेल एअरचा काचेलगतचा खांब मागे वाकला, काच निखळली आणि स्टिअरिंग थेट ड्रायव्हरच्या जागी बसवलेल्या पुतळ्यावर आलं. तिथे माणूस असता तर वाचला नसता. मालिबूचं नाक पार चेपलं, पण बसायची जागा शाबूत राहिली. तिच्या ड्रायव्हरचं पायाच्या दुखापतीवर निभावलं असतं.

ताशी 64 किमी म्हणजे सेकंदाला जवळपास 18 मीटर. एवढ्या वेगातलं शरीर किती अंतरात थांबतं, यावर सगळं ठरतं. नाक चेपताना आणि सीटचा पट्टा ताणला जाताना 60 सेंमी मिळाले, तर शरीरावर सरासरी गुरुत्वाच्या 27 पट जोर येतो. पट्टा नसेल आणि छाती स्टिअरिंगवर 10 सेंमीत थांबली, तर तोच जोर 160 पटींवर जातो.

म्हणून नव्या गाडीत बॉनेटखालच्या दोन लांब तुळया घड्या पडत चुरगळतील अशाच बनवतात. केबिनभोवतीचे खांब मात्र अतिशय कणखर पोलादाचे. बाहेरच्या पत्र्याचा यात फारसा वाटा नसतो. बेल एअरची चॅसी तर मधे अरुंद, फुलीच्या आकाराची. कडेला धक्का झेलायला तुळईच नव्हती. अँबॅसॅडरची बांधणी वेगळी, पण ठरवून चेपणारं नाक तिलाही नव्हतं.

मला बोचतं ते वेगळंच. मर्सिडीजचे बेला बारेन्यी यांनी चेपणाऱ्या नाकाच्या पेटंटसाठी 1951 मध्येच अर्ज केला होता. तशी मर्सिडीज 1959 मध्ये बाजारात आली. व्होल्वोने नील्स बोहलिन यांचा तीन बिंदूंचा पट्टा आणला, तोही त्याच वर्षी. चाचणीतल्या बेल एअरमध्ये पट्टाच नव्हता.

गाड्या आदळवून त्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अहवालात गाडीचा सांगाडा स्थिर राहिला की नाही, हे लिहिलेलं असतं. मी स्टार मोजण्याआधी ती ओळ वाचतो.