वास्तूच्या आधी मेंदूच ‘तथास्तु’ म्हणतो

‘तिन्हीसांजेला असं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते.’ हे वाक्य कधीच ऐकू आलं नाही असं मराठी घर मी तरी पाहिलेलं नाही. मध्यंतरी ते आमच्या काकूंना ऐकवायची वेळ आली. गुडघा बदलून तीन आठवडे झाले होते. टाके सुकले होते, एक्स-रे उत्तम होता, पण काकूंचा एकच धोशा, ‘हा पाय काही आता माझा राहिला नाही.’ खोदून विचारल्यावर कळलं की साडेसाती सुरू आहे आणि ‘शनी पायाला धरणार’ असं कुणीतरी पत्रिका बघून सांगितलंय.

देवावर श्रद्धा असली की मनात नकारात्मक विचार येत नाहीत, असे संदेश रोज सकाळी फोनवर येऊन पडतात. काकूंचा हरिपाठ एक दिवस चुकत नाही. श्रद्धेत त्या कुठे कमी पडल्या? माझं म्हणणं असं की कुठेच नाही. ‘पाय गेला’ हीसुद्धा श्रद्धाच आहे, फक्त वाईटावर बसलेली.

औषध नसलेल्या गोळीने बरं वाटतं, त्या प्लासिबोबद्दल बहुतेकांनी ऐकलेलं असतं. त्याच्या उलट्या भावंडाला नोसिबो म्हणतात. वॉल्टर केनेडी यांनी १९६१मध्ये हा शब्द वापरात आणला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘मी अपाय करीन’. त्रास होणार अशी खात्री पटली की त्रास होतो, आणि तो नुसता ‘मनाचा खेळ’ नसतो. इटलीतल्या तुरिनच्या फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांच्या गटाने २००६मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठीच मला फार आवडतो.

निरोगी माणसाच्या हाताला पट्टा करकचून आवळायचा. रक्तपुरवठा तुटतो आणि काही मिनिटांत हात ठणकायला लागतो. आता त्याला एक गोळी द्यायची आणि सांगायचं, हिने रक्तवाहिन्या आणखी आवळतील, दुखणं वाढेल. गोळीत औषध काहीच नाही. तरी दुखणं वाढतं, शिवाय रक्तातलं एसीटीएच आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकंही वर चढतात. पट्टा तोच, हात तोच, फक्त एक वाक्य जास्त.

मग त्यांनी डायझेपाम हे चिंताशामक औषध देऊन पाहिलं. दुखण्यातली वाढ आणि संप्रेरकांची वाढ, दोन्ही थांबल्या. प्रोग्लुमाइड नावाचं दुसरं औषध दिलं तेव्हा दुखणं वाढायचं थांबलं, पण संप्रेरकं चढलेलीच राहिली. म्हणजे वाक्यातून आधी चिंता उपजते आणि तिथून दोन फाटे फुटतात: एक ताणाच्या संप्रेरकांकडे, दुसरा वेदनेकडे.

वेदनेच्या फाट्यावरचा निरोप्या मजेशीर आहे. त्याचं नाव कोलेसिस्टोकायनिन. खरं तर हा पोटातला गडी. तुपाची धार सोडलेला वरणभात आतड्यात पोचला की तो पित्ताशयाला आकसायला लावतो. पण मेंदूतही तो असतो आणि तिथे एंडॉर्फिनच्या, म्हणजे शरीराच्या घरच्या अफूच्या, विरुद्ध काम करतो. मेंदूच्या देठात, मज्जारज्जूच्या जरा वर, वेदनेचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या पेशी असतात. त्यातल्या ‘वाढव’ म्हणणाऱ्या पेशींना कोलेसिस्टोकायनिन चेतवतो, त्या मज्जारज्जूच्या मागच्या शिंगापर्यंत (म्हणजे वेदनेची वार्ता जिथे आधी पोचते त्या मागच्या भागापर्यंत) निरोप धाडतात आणि हातापायाकडून येणारी वेदनेची वार्ता तिथल्या तिथे मोठी होते. प्रोग्लुमाइड याच निरोप्याची वाट अडवतं. (इथे दमला असाल तर एवढंच धरा: भीतीने दुखण्याचा आवाज खरोखर वाढतो.)

आता श्रद्धा. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ५५ वर्षं किंवा त्याहून मोठ्या ५९६ रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला. अभ्यास २००१मध्ये प्रसिद्ध झाला. ‘देवाने मला टाकलं का’, ‘देवाची माझ्यावर माया आहे का’, ‘हे सैतानाचंच काम’ अशा विचारांनी पछाडलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका १९ ते २८ टक्क्यांनी जास्त दिसला. हा फक्त संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. पण पाठीशी उभा असलेला देव आणि डूख धरून बसलेला देव एकाच खात्यात टाकता येत नाहीत, एवढं त्यातून नक्की कळतं.

२००६मध्येच अमेरिकी डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाने बायपास झालेल्या १८०२ रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले. ‘तुमच्यासाठी प्रार्थना होणार’ असं ज्यांना नक्की सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत ५९ टक्के. होईल किंवा होणार नाही, असं सांगून ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांच्यात ५२ टक्के. हा योगायोगही असू शकतो. पण ‘माझ्यासाठी प्रार्थना करायची वेळ आली म्हणजे काहीतरी गंभीर आहे’ असं एखाद्याला वाटलं नसेल कशावरून?

याचा अर्थ वाईट विचारांनी कॅन्सर होतो किंवा ‘सकारात्मक कंपनां’नी तो बरा होतो, असा मुळीच नाही. तसं सांगून शिबिरांची फी घेणारे रुग्णाच्याच माथी दोष मारतात. आणि साडेसातीचा हिशोब तर शाळेतला आहे. शनीला सूर्याभोवती फिरायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, राशी बारा, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं. साडेसाती तीन राशींना. म्हणजे केव्हाही बघा, दर चौथा माणूस साडेसातीत! २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. त्यातल्या पावणेतीन कोटींहून जास्त लोकांचे पाय शनीने एकदम धरले म्हणायचे.

हे गणित मी काकूंना करून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शनिवारी मारुतीला तेल पाठवलं. मी काही बोललो नाही. तेल वाहून त्यांची धास्ती कमी होत असेल, तर डायझेपामचंच काम झालं. राग येतो तो भीती आणि उतारा एकाच दुकानात मिळतात याचा.

फिजिओथेरपीला येणारी मुलगी मात्र हुशार निघाली. ती ‘दुखेल हं’ असं म्हणायचीच नाही, कोनमापक लावून गुडघा किती अंश वाकला तेवढं सांगायची. परवा त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. शनिवारच्या चौकोनात काकूंच्या अक्षरात लिहिलं होतं ‘तेल’, आणि त्याखाली, ‘९५’.