हार्डवेअर रेड की सॉफ्टवेअर रेड? रॅक सर्व्हरवर लिनक्स टाकण्याआधी हे ठरवा

भोसरी एमआयडीसीतलं डिझाइन ऑफिस असो की बाणेरमधली दहा माणसांची कंपनी, पहिला रॅक सर्व्हर बऱ्याचदा रिफर्बिश्ड असतो. समजा, डेलचा आर730 आहे. त्यात 480 जीबीच्या दोन एसएसडी आहेत आणि पेनड्राइव्हवर उबंटू सर्व्हर तयार आहे. एक डिस्क गेली तरी काम थांबू नये म्हणून रेड 1 करायचं, म्हणजे तोच डेटा दोन्ही डिस्कवर ठेवायचा. पण ते दोन ठिकाणी करता येतं: सर्व्हर सुरू होताना एफ2 दाबून कंट्रोलरच्या मेनूत, किंवा लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये. दोन्हीकडे नाव तेच असल्यामुळे घोळ होतो.

डिस्क दोन आहेत हे कोणाला माहीत असतं, यावर सगळं अवलंबून आहे. हार्डवेअर रेडमध्ये ते फक्त कंट्रोलर कार्डाला माहीत असतं; आर730 मध्ये बहुधा डेलचं पर्क एच730 हे कार्ड असतं. लिनक्सला त्याने दाखवलेली एकच डिस्क दिसते. सॉफ्टवेअर रेडमध्ये दोन्ही डिस्क थेट कर्नलला दिसतात, त्याचा एमडी ड्रायव्हर दोन्हींवर लिहितो आणि तुम्ही एमडीएडीएम या साधनाने ते सांभाळता. इन्स्टॉलरच्या डिस्क निवडायच्या पानावरच हे ओळखता येतं. सुमारे 447 जीबीची एकच डिस्क दिसली तर रेड कंट्रोलरने केलेलं आहे. तशा दोन दिसल्या तर अजून काहीच झालेलं नाही. (480 चे 447 होतात ते मोजायच्या एककामुळे, डिस्क खराब नाही.)

हार्डवेअरचा रस्ता सोपा. एफ2, सिस्टिम सेटअप, डिव्हाइस सेटिंग्ज, पर्क, क्रिएट व्हर्च्युअल डिस्क. रेड 1 निवडा, दोन्ही डिस्कवर खूण करा, फास्ट इनिशिअलाइझ. मग लिनक्स साध्या एका डिस्कवर टाकतो तसंच टाकायचं. एकच अडचण येते: आरएचईएल (रेड हॅटचं लिनक्स) 8 पासून काही जुन्या कंट्रोलरांचा आधार काढून टाकला आहे. तशा कार्डावर इन्स्टॉलरला एकही डिस्क दिसत नाही, आणि लोक केबल तपासत बसतात. तिथे ईएलरेपो या ड्रायव्हर पुरवणाऱ्या प्रकल्पाची ड्रायव्हर डिस्क लागते, किंवा दुसरं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा प्रकार.

सॉफ्टवेअरच्या रस्त्यात खरी मेहनत बूटची. आधी कंट्रोलर एचबीए मोडमध्ये न्या, म्हणजे तो डिस्क थेट लिनक्सला दाखवतो. त्यासाठी जुन्या व्हर्च्युअल डिस्क काढाव्या लागतात, म्हणजे त्यांवरचा डेटा गेलाच असं समजून आधी बॅकअप घ्या. मग लक्षात ठेवायची गोष्ट: सर्व्हर सुरू करणाऱ्या यूईएफआय फर्मवेअरला एमडी रेड कळत नाही, त्याला साधं फॅट फाइल सिस्टिमचं विभाजन हवं. म्हणून उबंटूच्या इन्स्टॉलरमध्ये पहिली डिस्क बूट डिव्हाइस करा आणि दुसरीलाही 'आणखी एक बूट डिव्हाइस' म्हणून जोडा. दोन्हींवर हे बूटचं, म्हणजे ईएफआय विभाजन तयार होतं. उरलेल्या जागेत दोन्हीकडे सारख्या आकाराचं, फॉरमॅट न केलेलं विभाजन करा, त्या दोघांचं सॉफ्टवेअर रेड बनवा आणि त्यावर ईएक्सटी4 फाइल सिस्टिम टाकून रूट (लिनक्सची मुख्य जागा) माउंट करा. अल्मा किंवा रॉकी या लिनक्समध्ये ईएफआय विभाजनच रेड 1 मध्ये ठेवता येतं, कारण तिथे रेडच्या स्वतःच्या नोंदीचा, म्हणजे मेटाडेटाचा, 1.0 प्रकार वापरतात. त्याची नोंद विभाजनाच्या शेवटी असते, त्यामुळे फर्मवेअरला सुरुवातीपासून साधं फॅटच दिसतं. नेहमीच्या 1.2 मध्ये ती नोंद सुरुवातीपासून 4 केबीवर असते आणि हा उपाय चालत नाही.

ईएफआय विभाजन एकाच डिस्कवर ठेवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. सर्व्हर दोन वर्षं छान चालतो, नेमकी पहिली डिस्क जाते, डेटा शाबूत असतो आणि तरी यंत्र बूट होत नाही. म्हणून सर्व्हर कामाला लावण्याआधी बंद करून पहिली डिस्क काढा आणि बूट करून बघा. मग ती परत लावून रेडमध्ये जोडा, सिंक पूर्ण होऊ द्या आणि दुसरी काढून हेच करा.

वीज जाण्याचा मुद्दा पुण्यात नुसता पुस्तकी नाही. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. एच730 वर 1 जीबी कॅशे (तात्पुरती मेमरी) असतं. राइट-बॅक मोडमध्ये डेटा आधी कॅशेत जातो, 'लिहून झालं' असं उत्तर मिळतं, आणि वीज गेली तर कार्डाची बॅटरी तो डेटा जपते. पण रिफर्बिश्ड सर्व्हरमध्ये ती बॅटरी अनेकदा संपलेली असते. मग कंट्रोलर आपणहून राइट-थ्रूवर येतो, म्हणजे डेटा डिस्कवर गेल्यावरच उत्तर देतो, आणि लिहिण्याचा वेग घसरतो. 'सर्व्हर हळू झाला' अशी तक्रार आली की पहिल्यांदा बॅटरी बघा. बॅटरी मेलेली असताना सक्तीने राइट-बॅक चालू करू नका, डेटा जाईल. सॉफ्टवेअर रेडमध्ये हे कार्डावरचं कॅशे नसतंच. यूपीएस आणि तो वेळेत सर्व्हर बंद करेल अशी व्यवस्था दोन्हीकडे हवीच.

डिस्क बदलताना हार्डवेअर रेड सुखाचं. खराब डिस्कचा दिवा अंबर होतो, चालू सर्व्हरमधून ती ओढायची, नवी सरकवायची, रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उतरवणं) बहुतेक वेळा आपोआप सुरू होतं. एमडीमध्ये दिव्याचा भरवसा धरू नका. डिस्कचा सिरियल नंबर लिनक्समध्ये बघून घ्या आणि तोच डिस्कवर छापलेला आहे ना ते तपासा. चुकून चांगली डिस्क ओढली तर सर्व्हर तिथेच बसतो. नव्या डिस्कवर आधी विभाजनं करायची, मग ती रेडमध्ये जोडायची, आणि ईएफआय विभाजन पुन्हा तयार करायचं. हे तिसरं काम हमखास राहून जातं. 4 टीबीची सॅटा डिस्क सेकंदाला 150 एमबीने भरली तरी रीबिल्डला साडेसात तास धरा. बिघाडाचा मेल येण्यासाठी एमडीएडीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये पत्ता भरा, नाहीतर एक डिस्क कधी गेली ते कळणारही नाही.

दोन्ही एकावर एक चढवू नका. प्रत्येक डिस्कचं वेगळं रेड 0 (ज्यात नक्कल नसते) करून त्यावर एमडी बांधणं चालतं, पण मध्ये कंट्रोलर राहतो आणि डिस्कची तब्येत थेट वाचता येत नाही. डेलचं एस130 किंवा एचपीईचं एस100आय ही तिसरीच जात: मेनू कंट्रोलरसारखा, पण काम ड्रायव्हर करतो, आणि एस100आयसाठी तो फक्त विंडोजचा आहे. लिनक्सला तिथे डिस्क थेट दाखवणारा एएचसीआय मोड आणि एमडीच योग्य.

निवड सांगायची तर, ऑफिसात लिनक्स जाणणारं माणूस असेल आणि कार्ड जुनं असेल तर सॉफ्टवेअर रेड घ्या. कार्ड मेलं तर त्या डिस्क दुसऱ्या कुठल्याही लिनक्स यंत्रात लावून रेड उभं करता येतं. हार्डवेअर रेडला त्याच घराण्यातलं कार्ड शोधावं लागतं. रात्री वॉचमनला फोनवर 'अंबर दिव्याची डिस्क बदला' एवढंच सांगता येणार असेल, तर हार्डवेअर घ्या आणि नवी बॅटरी टाका. कार्ड बदलल्यावर पर्क 'फॉरेन कॉन्फिगरेशन', म्हणजे दुसऱ्या कार्डाने केलेलं रेड, सापडल्याचं सांगेल. तिथे इम्पोर्ट निवडायचं, क्लिअर नाही.