पानाचा पत्ता: नोट्समधनं थेट त्या पानावर जायची सोय आली कुठनं

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरवरचा खंड, म्हणजे २४ वा, छापला १८८६ साली. आज त्याची स्कॅन केलेली पीडीएफ कुणालाही मिळते. रंकाळा, पन्हाळा, जुनी पेठ, काहीही बघायचं झालं की मी ती उघडतो आणि साध्या टेक्स्ट फाईलमध्ये नोंद करून ठेवतो. अडचण येते ती सहा महिन्यांनी, कारण नोंदीत नुसतं "गॅझेटियरमध्ये आहे" एवढंच असेल तर शेकडो पानं परत चाळत बसायला लागतं. म्हणून नोंदीतल्या एका ओळीवर क्लिक केलं की नेमकं ते पान समोर यावं ही सोय मला फार मोलाची वाटते, आणि तिच्या मागं बराच जुना इतिहास आहे.

आपल्याकडं मुळात पानावर भर नव्हताच. दासबोधातला दाखला देताना कुणी पान सांगत नाही, दशक, समास, ओवी असंच सांगतात. २० दशक, प्रत्येकात १० समास, त्यामुळं प्रत कुठलीही असो, घरातली असो नाहीतर करवीर नगर वाचन मंदिरातली (ते तर १८५० पासनं आहे), पत्ता तोच राहतो. ज्ञानेश्वरीचंही तसंच, फक्त तिथं वेगवेगळ्या प्रतींत ओव्या थोड्या कमीजास्त असल्यानं आकडा एकदोनानं सरकतो. हस्तलिखित पोथीत पानाला आकडा असायचा, पण तो सुट्या पत्राच्या (पानाच्या) मागच्या बाजूला कडेच्या कोऱ्या जागेत, म्हणजे दोन बाजू मिळून एकच आकडा. म्हणून अभ्यासक अजून पत्र १२ अ, १२ ब असं लिहितात. युरोपात मात्र छापील पानच पत्ता होऊन बसलं. प्लेटोची १५७८ साली स्टेफानुस नावाच्या मुद्रकानं छापलेली आवृत्ती आज कुणाच्या घरी नसते, तरी प्लेटोचा दाखला अजून तिच्याच पान क्रमांकानं आणि अ-ब-क सारख्या भागांनी देतात!

कागदाच्या जमान्यात या सगळ्याला जोडून नोंदी ठेवायची कमाल केली ती जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमाननं. त्याच्याकडं जवळपास ९०,००० चिठ्ठ्या होत्या, प्रत्येकीला क्रमांक, आणि एका चिठ्ठीवर दुसरीचा क्रमांक लिहिलेला. लिंक म्हणजे तरी दुसरं काय असतं? फक्त क्लिकच्या जागी उठून खण उघडायला लागायचा.

कॉम्प्युटरवर हे आणायचं स्वप्न १९४५ मध्ये व्हॅनेव्हार बुश या अमेरिकन अभियंत्यानं मांडलं, हायपरटेक्स्ट (म्हणजे लिंकनी एकमेकाला जोडलेला मजकूर) हा शब्द टेड नेल्सननं १९६५ मध्ये दिला, आणि डग्लस एंगेलबार्टनं १९६८ च्या प्रात्यक्षिकात ते चालवूनच दाखवलं. पुढं टिम बर्नर्स-लीच्या वेबमध्ये पत्त्याच्या शेवटी हॅशची (#) खूण टाकून पानाच्या आतल्या जागी जायची सोय आली. पण ती वेबपेजसाठी होती आणि आपली कागदपत्रं बसली होती पीडीएफमध्ये.

पीडीएफ ॲडोबीनं १९९३ ला आणली, जॉन वॉरनॉकनं १९९१ मध्ये मांडलेल्या कॅमलॉट नावाच्या कल्पनेतनं. हेतू एकच, कुठल्याही मशीनवर पान जसंच्या तसं दिसावं. म्हणजे पान पक्कं झालं, पण त्याला बाहेरनं हाक कशी मारायची हे सगळीकडं सारखं व्हायला वेळ लागला. २००४ च्या आरएफसी ३७७८ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती लिहून ठेवणारे दस्तऐवज) ते नीट लिहून आलं: फाईलच्या पत्त्यापुढं हॅश, मग पेज हा शब्द, बरोबरची खूण आणि आकडा. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये २०१३ पासनं पीडीएफ आतच उघडायला लागली आणि तिथंही हीच पद्धत चालते.

साध्या टेक्स्टवाल्यांनी तोवर आपली वाट काढलेली होती. प्रोग्रॅमर लोक फाईलचं नाव, कोलन (:) आणि ओळ क्रमांक असं लिहीत आलेत, विम नावाच्या टेक्स्ट एडिटरमध्ये त्यावर कर्सर ठेवून दोन कळा दाबल्या की थेट त्या ओळीवर उडी. कार्स्टन डॉमिनिक नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं २००३ मध्ये ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरसाठी ऑर्ग मोड ही नोंदी ठेवायची सोय सुरू केली, त्यात फाईलच्या नावापुढं दोन कोलन आणि पान क्रमांक लिहिला की पीडीएफचं तेच पान उघडायची सोय झाली. आता ऑब्सिडियन या नोट्सच्या ॲपमध्येही फाईलच्या नावापुढं तीच हॅश-पेजची खूण चालते. मला यात आवडतं ते हे की ॲप उद्या बंद पडलं तरी ओळ वाचता येते, कुठली फाईल, कुठलं पान, डोळ्यांना कळतं.

पण एक घोळ कायम आहे. लिंकमधला आकडा फाईलचं पान मोजतो, छापील पान नाही. गॅझेटियरच्या स्कॅनमध्ये आधी मुखपृष्ठ, कोरी पानं, रोमन आकड्यांची प्रस्तावना, आणि मग कुठं छापील पान १, म्हणून छापील १२० आणि फाईलचं १२० ही दोन वेगळी गावं. पीडीएफमध्ये छापील क्रमांक नोंदवायची सोय आहे, पण स्कॅन करणारे ती क्वचितच भरतात. स्कॅन केलेली पुस्तकं ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्ह या साइटनं यावर चांगला तोडगा काढलाय, पत्त्यात आकड्याच्या आधी एन असेल तर स्कॅनचं पान, नुसता आकडा असेल तर छापील पान.

कुणी म्हणेल, पान कशाला, शब्द सर्च करायचा की. इंग्रजीत ठीक आहे हो, मराठीत सर्चवर विसंबता येत नाही आणि हे मी रोज बघतो. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या पीडीएफमधनं मजकूर कॉपी केला की नुसती रोमन अक्षरांची भेळ येते. युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीतल्याही बऱ्याच पीडीएफमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात, ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी म्हणून ती श च्या आधी जाऊन बसते, मग "शिवाजी" शोधलं तर पानावर शिवाजी दहा वेळा छापलेलं असूनसुद्धा एकही सापडत नाही. जोडाक्षरांचं तर विचारूच नका, "कोल्हापूर" मधला ल्हा कितीदा गायब झालेला असतो. आणि जुनी स्कॅन म्हणजे तर नुसते फोटोच. म्हणून मराठी कागदपत्रांत पान क्रमांक हाच भरवशाचा पत्ता उरतो.

म्हणून आता माझ्या नोंदीत दोन्ही आकडे असतात, लिंकमध्ये फाईलचा, पुढं "छापील पृ." करून पुस्तकातला, आणि शेजारी त्या पानावरचे पहिले चार शब्द स्वतः टाईप केलेले. फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये गेली, नवीन स्कॅन आली, किंवा वाचनालयातला छापील खंडच हातात पडला, तरी त्या चार शब्दांवरनं पान सापडतंच.