इस्ट्रोजेनचे पहिले तीन महिने

माझी एक जुनी विद्यार्थिनी काही दिवसांपूर्वी घरी आली होती. ती ट्रान्स स्त्री आहे. मी शिकवत होते तेव्हा हजेरीपटावर तिचं नाव वेगळं होतं. त्याच्या अडीच महिने आधी एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांच्या, देखरेखीखाली तिनं हार्मोन्स सुरू केले. चहा घेता घेता मी विचारलं, "सगळ्यात आधी काय जाणवलं गं?" मनाबद्दल काही सांगेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "रुमाल, मॅडम. पूर्वी लोकलमधून उतरून कपाळ पुसलं की रुमाल तेलकट, पिवळट व्हायचा. आता नुसता घामानं ओला होतो."

जीवरसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला याहून गोड उत्तर मिळणार नाही. या रुमालामागे जे घडलं ते सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण मोबाइलवर या विषयाचं जे काही फिरतं त्यात 'सात दिवसांत चेहरा बदलला' छापाचे व्हिडिओच जास्त. सात दिवसांत चेहरा बदलत नाही. सात दिवसांत रक्तातले आकडे बदलतात. आकडा आणि चेहरा यांच्यामध्ये जे अंतर आहे, खरं विज्ञान तिथेच आहे.

सुरुवात एका गैरसमजापासून करू. इस्ट्रोजेन म्हणजे 'बायकांचं' आणि टेस्टोस्टेरॉन म्हणजे 'पुरुषांचं' संप्रेरक, असं शाळेत शिकलेलं असतं. प्रत्यक्षात दोन्ही रेणू प्रत्येक शरीरात असतात, आणि एक दुसऱ्यापासूनच बनतो. टेस्टोस्टेरॉनमध्ये कार्बनचे १९ अणू असतात. अ‍ॅरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) त्यातला एक कार्बन काढून टाकतं, एका कड्याची रचना बदलतं, की १८ कार्बनचं इस्ट्राडायॉल, म्हणजे शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन, तयार. १९३४ साली बर्नहार्ड झोंडेक यांनी घोड्याच्या मूत्रात, म्हणजे चांगल्या वयात आलेल्या नराच्या मूत्रात, इस्ट्रोजेनचं प्रचंड प्रमाण असल्याचं 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलं. घोडा त्यानं घोडी झाला नव्हता.

संप्रेरकाला ओळखणाऱ्या प्रथिनांना ग्राही म्हणतात, आणि त्यांची जनुकंही आपल्या कल्पनांना जुमानत नाहीत. टेस्टोस्टेरॉन ओळखणाऱ्या ग्राहीचं जनुक आहे एक्स गुणसूत्रावर. इस्ट्रोजेनच्या मुख्य ग्राहीचं जनुक सहाव्या गुणसूत्रावर, जे सगळ्यांकडेच जोडीनं असतं. म्हणजे इस्ट्रोजेनला प्रतिसाद देण्याची सगळी तयारी माझ्या विद्यार्थिनीच्या पेशींमध्ये जन्मापासून होती. औषधानं कुठलंही नवं जनुक आणलं नाही.

आता माझा आवडता भाग. शिकागो विद्यापीठात एल्वुड जेन्सन यांनी १९५०च्या दशकाच्या शेवटी किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेलं इस्ट्राडायॉल उंदराच्या मादीला टोचलं आणि ते शरीरात कुठे जातं हे पाहिलं. तेव्हा समज असा होता की संप्रेरकाचं पेशीत रासायनिक रूपांतर होतं आणि त्यातून त्याचा परिणाम घडतो. जेन्सन यांना दिसलं ते वेगळंच. गर्भाशयाच्या पेशींनी ते धरून ठेवलं होतं, आणि रेणू जसाच्या तसा होता. तो खर्च होत नव्हता, कुणाला तरी चिकटत होता. हा 'कुणीतरी' म्हणजे इस्ट्रोजेनचा ग्राही.

इस्ट्राडायॉल स्निग्ध पदार्थांत विरघळतं, त्यामुळे पेशीच्या पटलातून ते सहज आत शिरतं. केंद्रकात ग्राही असतोच. त्याच्या पोकळीत रेणू बसला की प्रथिनाचा एक भाग, त्याला हेलिक्स १२ म्हणतात, डब्याचं झाकण लागावं तसा वरून बसतो. झाकण नीट बसलं की बाहेरच्या अंगाला एक खोबण तयार होते आणि मदतनीस प्रथिनं तिथे येऊन अडकतात. (स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन या झाकणालाच आडकाठी करतं.) मग असे दोन ग्राही जोडीनं डीएनएवर जाऊन बसतात. कुठे? जिथे साधारण असा मजकूर असेल तिथे: ए-जी-जी-टी-सी-ए, मध्ये कोणतीही तीन अक्षरं, मग टी-जी-ए-सी-सी-टी.

'चिमा काय कामाची' हे आपण लहानपणी उलटसुलट वाचायचो. डीएनएचा हा मजकूरही तसाच आहे, फक्त इथे उलट वाचायचं ते समोरच्या धाग्यावर. ए समोर टी, जी समोर सी, या नियमानं समोरचा धागा लिहून उलट दिशेनं वाचा. पुन्हा तेच अक्षर-न्-अक्षर मिळेल. ग्राही जोडीनं येतात, म्हणून त्यांची बसायची जागाही अशी दुहेरी, दोन्ही बाजूंनी सारखी. आता टेस्टोस्टेरॉनच्या ग्राहीची जागा पाहा: ए-जी-ए-ए-सी-ए, तीन अक्षरं, टी-जी-टी-टी-सी-टी. प्रत्येक अर्ध्या भागात सहापैकी फक्त दोन अक्षरांचा फरक! त्या दोन अक्षरांवरून ग्राही आपली जागा ओळखतात, आणि इस्ट्रोजेनच्या ग्राहीत ही ओळख पटवण्याचं काम मुख्यतः तीन अमिनो आम्लं करतात. समाजानं ज्या फरकावर एवढ्या भिंती उभ्या केल्या, त्याचा रेणूंच्या पातळीवरचा एक मोठा दुवा इतका बारीक आहे. मी हे पंचवीस वर्षं शिकवतेय, तरी दरवेळी फळ्यापुढे क्षणभर थांबते.

एवढं सगळं काही तासांत होतं. मग परिणाम दिसायला महिने का लागतात?

त्याआधी मेंदूतलं एक यंत्र पाहू. वृषणांना काम करायला लावणारा हुकूम हायपोथॅलॅमसमधून निघतो आणि पीयूषिका ग्रंथीमार्फत खाली जातो. टेस्टोस्टेरॉन पुरेसं आहे का हे मेंदू तपासत असतो, आणि गंमत म्हणजे पुरुषांतही ते तो बऱ्याच अंशी इस्ट्राडायॉलच्या रूपात मोजतो. गच्चीवरच्या टाकीतला बॉल कॉक आठवा. पाणी वर आलं की तो नळ बंद करतो; पाणी नगरपालिकेचं की टँकरचं, त्याला काय कळणार? बाहेरून दिलेलं इस्ट्रोजेन हे टँकरचं पाणी. मेंदू म्हणतो, 'भरपूर आहे', आणि वृषणांकडचा हुकूम थंडावतो. जोडीला बहुधा टेस्टोस्टेरॉनविरोधी औषधही देतात. टेस्टोस्टेरॉन एका डेसिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खाली आणणं हे डॉक्टरांचं नेहमीचं उद्दिष्ट असतं.

पहिल्या महिन्यांत जे जाणवतं त्यातलं बरंचसं या घसरणीमुळे असतं, आणि इथे माझं मुख्य म्हणणं येतं. संप्रेरकं शरीरात दोन प्रकारची कामं करतात, देखभाल आणि बांधकाम. देखभालीची कामं रोज चालू ठेवावी लागतात. हुकूम थांबला की काम थांबतं, परत आला की परत सुरू होतं. बांधकाम एकदा झालं की उभं राहतं, मुकादम गेला तरी.

रुमाल देखभालीत येतो. त्वचेतल्या तैलग्रंथींच्या पेशी तेल साठवत फुगतात आणि शेवटी स्वतःच फुटून ते बाहेर सोडतात. त्यांच्या जागी सतत नव्या पेशी याव्या लागतात, आणि त्यासाठीचा हुकूम टेस्टोस्टेरॉनच्या घराण्याचा. तो कमी झाला की आधीची पिढी संपेपर्यंत काही आठवडे जातात आणि मग कपाळ कोरडं वाटू लागतं. कामेच्छा आणि सकाळी आपोआप येणारी ताठरता साधारण पहिल्या ते तिसऱ्या महिन्यात कमी होते. हे आधी मोकळेपणानं सांगायला हवं, म्हणजे कुणी घाबरणार नाही. स्नायूंचं वस्तुमान आणखी सावकाश उतरतं आणि ताकद त्याहून सावकाश.

रक्ताचं उदाहरण सगळ्यात नेमकं. टेस्टोस्टेरॉन लाल पेशींच्या निर्मितीला चालना देतं. लाल पेशी जगते सुमारे १२० दिवस. हुकूम घटला तरी जुन्या पेशी आपलं आयुष्य पुरं करतात, म्हणून हिमोग्लोबिन एकदम पडत नाही. तीन-चार महिन्यांत ते स्त्रियांच्या नेहमीच्या पातळीवर येतं. पेशीचं आयुष्य आणि बदलाचा काळ इतके जुळतात की परीक्षेत प्रश्न म्हणून घालावं.

बांधकामाकडे वळू. साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात स्तनाग्राच्या मागे बटणाएवढी दुखरी गाठ लागते, कधी एका बाजूला आधी. धक्का लागला तर कळ येते. वयात येणाऱ्या कितीतरी मुलग्यांना हीच गाठ काही काळ येते आणि जाते, घरात कुणी बोलत नाही एवढंच. १९४१मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगावर इस्ट्रोजेनचा उपयोग दाखवला, आणि त्या उपचारानं वृद्ध पुरुषांतही स्तनांची वाढ होताना दिसली. ऊती त्या वयातही वाट पाहत असते. ही वाढ पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि औषध थांबवलं तरी तयार झालेली ऊती बहुतेक तशीच राहते. 'करून बघू' म्हणणाऱ्यानं ही सीमारेषा आधी समजून घ्यावी. तेलकटपणा परत येतो, ही वाढ मागे जात नाही.

हाच नियम उलट्या बाजूनंही लागू आहे. पौगंडावस्थेत टेस्टोस्टेरॉननं स्वरतंतू लांब आणि जाड केले, तेही बांधकामच. इस्ट्रोजेन त्याला हात लावू शकत नाही. आवाजासाठी सराव लागतो, गाण्याच्या रियाजासारखा. दाढीचे राठ केसही औषधानं जात नाहीत. उंचीही बदलत नाही. १९९४ साली इस्ट्रोजेनचा ग्राहीच निकामी असलेल्या एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद झाली. उंची २०४ सेंटिमीटर, आणि तरीही हाडांच्या टोकांच्या वाढपट्ट्या उघड्या! हाडांची वाढ थांबवण्याचं काम पुरुषांतही इस्ट्रोजेनच करतं, हे त्यावरून पक्कं झालं. एकदा बुजलेली पट्टी मात्र पुन्हा उघडत नाही.

शुक्राणूंचं मी या दोन्हींत बसवणार नाही. त्यांची निर्मिती घटते, औषध थांबवल्यावर ती परतेलच अशी हमी नसते, आणि उपचार चालू असताना गर्भधारणा होणारच नाही अशीही नसते. पुढे मूल हवं असेल तर सुरुवातीआधीच शुक्राणू गोठवून ठेवण्याबद्दल बोलावं.

एक गोष्ट मला कळवळून सांगायची आहे. डॉक्टरकडे जायची लाज किंवा भीती, म्हणून मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून मूठमूठ घेणाऱ्या मुली आहेत. त्या गोळ्यांत बहुधा एथिनाइल इस्ट्राडायॉल असतं. यकृताला सहज मोडता येऊ नये अशी त्याची रचना आहे, त्यामुळे यकृतावर त्याचा जोर जास्त पडतो आणि रक्त गोठवणारी प्रथिनं वाढतात. एकच पाय सुजणं, अचानक दम लागणं ही धोक्याची खूण आहे. सिगारेट असेल तर धोका आणखी. उपचारात वापरतात ते शरीरातल्यासारखंच इस्ट्राडायॉल, आणि जेल किंवा पट्टीतून दिलं तर ते पहिल्या फेरीत यकृत टाळतं. स्पायरोनोलॅक्टोन हे टेस्टोस्टेरॉनविरोधी औषध चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम तपासावं लागतं. शहाळ्यातही पोटॅशियम असतं, म्हणून रोज दोन-तीन शहाळी पिणाऱ्यांनी डॉक्टरांना तसं सांगावं. सायप्रोटेरॉन हे तशाच प्रकारचं दुसरं औषध जास्त मात्रेत, दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणाच्या गाठींचा धोका वाढतो.

आणि ज्या आईवडिलांना वाटतं की मुलाला वारं लागलंय, भगताकडे नेलं की उतरेल, त्यांना हात जोडून विनंती आहे: नेऊ नका. लिंगओळख अंगारा लावून जात नाही, आणि डॉक्टरांच्या 'उपचारानं'ही बदलत नाही. २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं अशा कन्व्हर्जन थेरपीला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. तसंच 'नैसर्गिक स्त्रीसंप्रेरक' म्हणून विकली जाणारी चूर्णं. वनस्पतींतली काही द्रव्यं आपल्या ग्राहीला चिकटतात खरी, पण फार दुबळेपणानं. बॉल कॉक बंद करण्याची ताकद त्यांच्यात नाही.

पंधरा दिवसांनी विद्यार्थिनीचा फोन आला. आवाज घाबरा. तीन महिन्यांच्या तपासणीचा रिपोर्ट आला होता आणि हिमोग्लोबिनपुढे तारा होता: १२.९, 'कमी'. मी विचारलं, शेजारी मर्यादा काय छापलीय? म्हणाली, १३ ते १७. लॅबच्या नोंदीत तिचं लिंग अजून पुरुष होतं. स्त्रियांसाठीची मर्यादा १२ पासून सुरू होते. लाल पेशींनी त्यांचं काम वेळेवर केलं होतं, फॉर्म तेवढा जुना होता. डॉक्टरांना दाखवून खात्री करून घे, असं मी सांगितलं. संध्याकाळी तिनं रिपोर्टचा फोटो पाठवला. ताऱ्याभोवती पेनानं गोल काढून डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'नॉर्मल'.