तबला मशीन: ठेका चौकटीत कसा बसला

तबला मशीनवर, म्हणजे तबल्याची साथ आपोआप वाजवणाऱ्या यंत्रावर, नवा ताल भरताना आधी मात्रा (तालाचे ठोके) ठरवायच्या, मग प्रत्येक मात्रेच्या घरात एकेक बोल ('धा', 'तिं' अशी तबल्याची अक्षरं) बसवत जायचे. ही घरं इलेक्ट्रॉनिक्सच्या कितीतरी आधीची आहेत. भातखंडे आणि पलुसकर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वरलेखन रूढ केलं, त्यात तालही कागदावर उतरला. भातखंडे पद्धतीत समेला (पहिल्या मात्रेला) गुणिलेची खूण, खालीला (टाळी न देता हात हलवायच्या जागेला) शून्य, टाळ्यांना 2, 3, 4 असे आकडे आणि विभागांमध्ये उभ्या रेघा. गुरूच्या तोंडून शिकलेला, दर आवर्तनाला (तालाच्या फेरीला) थोडा बदलणारा ठेका (तालाचे ठरलेले बोल) छापील ओळीत स्थिर झाला. मशीन वाजवतं तो हाच छापील ठेका. त्याची सोय आणि त्याचा कोरडेपणा, दोन्ही तिथूनच आलेत.

आपोआप ताल धरणारी यंत्रं पाश्चात्त्य संगीतात आधी आली. वुर्लिट्झरच्या 1959 च्या साइडमॅनमध्ये फिरत्या तबकडीवर संपर्कबिंदू होते आणि आवाज व्हॉल्व्हच्या सर्किटमधून निघायचा. रोलँडच्या सीआर-78 मध्ये 1978 साली मायक्रोप्रोसेसर आला आणि वाजवणाऱ्याला स्वतःचा ठेका साठवता येऊ लागला. 1980 च्या टीआर-808 वर ओळीने 16 कळा होत्या. 16 मात्रांचा त्रिताल बसवायला एकदम सोयीच्या! पण आवाज ड्रमचा, आणि खरी अडचण तीच होती.

साध्या गोल कातड्यावर थाप मारली की निघणाऱ्या कंपनांचं प्रमाण 1 : 1.59 : 2.14 असं वेडंवाकडं असतं. त्यातून नाद निघतो, सूर निघत नाही. मधल्या काळ्या शाईच्या थरांमुळे तबल्यात ही कंपनं 1 : 2 : 3 : 4 : 5 च्या जवळ येतात, हे सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी 1920 मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. त्यामुळे झटका देऊन विझत जाणाऱ्या साध्या ऑसिलेटरमधून (कंपनं निर्माण करणाऱ्या सर्किटमधून) 'ना'सारखं काहीतरी निघतं, पण ते टिकटिक वाटतं. डग्ग्याचं (डाव्या हाताने वाजवायच्या खर्जाच्या वाद्याचं) तर त्याहून अवघड. मनगटाच्या दाबाने सूर वर सरकतो, म्हणजे वाजत असतानाच कंपनसंख्या बदलत राहते.

उपाय म्हणजे खऱ्या तबल्याचे बोल ध्वनिमुद्रित करून चिपमध्ये ठेवणं. हिशेब मात्र कंजूष. सेकंदाला 8000 नमुने, प्रत्येकी 1 बाइट धरला, तर 64 किलोबिटच्या, म्हणजे 8 किलोबाइटच्या, चिपमध्ये जेमतेम एक सेकंद मावतो. तेवढी जागा डग्ग्याची आसच (घुमत राहणारा नादच) खाऊन टाकते. यावरची हुशारी तबल्याच्या भाषेतच आहे: 'धा' म्हणजे 'ना' अधिक 'घे', 'धिं' म्हणजे 'तिं' अधिक 'घे'. उजव्या हाताचा तबला (उजवा) आणि डग्गा वेगळे साठवून वाजवताना एकत्र केले की जागा वाचते, शिवाय दोघांचा सूर आणि आवाज वेगवेगळा लावता येतो.

भारतात सुरुवात तंबोऱ्यापासून झाली. बंगळुरूचे अभियंता आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी 1979 मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. त्यांच्याच रॅडेल कंपनीची 'तालमाला' पुढे इतकी पसरली की बऱ्याच घरांत कुठल्याही तबला मशीनला तालमालाच म्हणतात.

आता भरण्याकडे. सर्वांत जास्त चूक होते ती खालीच्या जागी. त्रितालात खाली 9 व्या मात्रेवर आहे म्हणून 9 ते 12 मधून डग्गा काढला की ठेका बिघडतो. 9 वर 'धा'च आहे. डग्गा गप्प बसतो 10 ते 13 वर, 'तिं तिं ता ता'ला, आणि 14 व्या 'धिं'वर परत येतो. सात मात्रांच्या रूपकात उलटीच गंमत: सम आणि खाली एकाच जागी, 'तीं तीं ना'. मशीन पहिल्या घरावर आपोआप जोर देत असेल तर तो बंद करा, नाहीतर रूपक रूपक राहत नाही. साडेदहा मात्रांचा ताल हवा असेल तर घरं 21 घ्यायची आणि लय दुप्पट ठेवायची: 80 ची लय (मिनिटाला 80 मात्रा) हवी तर 160.

विलंबित, म्हणजे संथ लयीतला, 12 मात्रांचा एकताल ही खरी परीक्षा. मिनिटाला 15 मात्रा म्हणजे एक मात्रा 4 सेकंदांची, आवर्तन 48 सेकंदांचं. 'तिरकिट'चं एकेक अक्षर सेकंदभर लांबतं. तबलजी ही पोकळी भरणाने (मधे पेरलेल्या जादा बोलांनी) भरतो, छापील बोल तिथे तोकडे पडतात. मशीन इतकं खाली जात नसेल तर 48 घरांचा ताल करून 60 च्या लयीत लावा आणि रिकाम्या घरांत हलके बोल पेरा. पडद्यावर मग 12 ऐवजी 48 मोजले जातात, त्यामुळे कितवी मात्रा चालू आहे ते आकड्यावर न शोधता कानाने धरावं लागतं.

सुराचं म्हणाल तर जुन्या यंत्रांत पट्टी चढवायची म्हणजे साठवलेला बोल जास्त वेगाने वाचायचा. काळी एकवरून काळी पाचवर (हार्मोनियमच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवरून पाचव्या काळ्या पट्टीवर) जाताना वेग सुमारे 1.68 पट होतो, बोल 40 टक्के आखूड होतो आणि तबला पत्र्याचा वाटू लागतो. खरा तबलजी अशा वेळी लहान तोंडाचा तबला घेतो. चांगल्या यंत्रांत म्हणूनच उंच आणि खालच्या पट्टीसाठी वेगवेगळे तबले साठवलेले असतात.

लय आपोआप हेलकावू लागली तर आधी फिरवायच्या बटणावर संशय घ्या. आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसते. बटण बंद यंत्रावर टोकापासून टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवलं की बहुधा सुटतं. भरलेले ताल एकाएकी पुसले गेले तर आतला नाण्याएवढा 3 व्होल्टचा सेल संपलेला असतो. आणि डग्गा घुमत नाही म्हणून आवाज वाढवू नका. तीन-चार इंची स्पीकरला तो खर्ज पेलत नाही, नुसती फरफर होते. बाहेरचा मोठा स्पीकर जोडा, मग डग्ग्याचा आवाज उजव्यापेक्षा किंचित कमी ठेवा.