गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील प्रथिन-निर्देशक

गर्भाशयमुखाचा कर्करोग, म्हणजे बोलीत ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’, लवकर सापडला तर पुढे तो कसा वागेल याचा अंदाज बांधण्यासाठी गाठीतील किंवा रक्तातील काही प्रथिने तपासली जातात. त्यांना प्रथिन-निर्देशक म्हणतात. या प्रथिनांची गरज पडते, कारण एकाच टप्प्यातील दोन स्त्रियांपैकी एक शस्त्रक्रियेनंतर कायमची बरी होते, तर दुसरीचा आजार दोन-तीन वर्षांत उलटू शकतो.

फिगो या स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१८च्या वर्गीकरणात गर्भाशयमुखापुरती मर्यादित, २ सेंमीपेक्षा लहान दृश्य गाठ १बी१ मध्ये आणि २ ते ४ सेंमीची १बी२ मध्ये मोडते. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार द्यायचे का, हे आजही गाठीचा आकार, ती किती खोल रुजली आहे, रक्त-लसिकावाहिन्यांत पेशी शिरल्या आहेत का, लसिकाग्रंथी बाधित आहेत का आणि कापलेली कड स्वच्छ आहे का यांवरून ठरते. एकटे कोणतेही प्रथिन अजून या मोजपट्ट्यांची जागा घेऊ शकलेले नाही.

सर्वांत उलगडलेले प्रथिन म्हणजे पी१६. हा कर्करोग बहुधा ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूचे ई६ हे प्रथिन पेशीची वाढ आवरणारे पी५३ नष्ट करते आणि ई७ हे तसेच काम करणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करते. आरबीचा लगाम सुटला की पी१६ भरमसाट साठते. म्हणून स्लाइडवर पी१६चा गडद तपकिरी रंग सलग उमटला, तर तो विषाणूच्या कामाचा पुरावा मानतात. गंमत अशी, की पेशीची वाढ रोखणारे हे प्रथिन कर्करोगात वाढलेले दिसते आणि तरीही ते भरपूर असलेल्या रुग्णांचे भवितव्य सहसा बरे असते. एचपीव्हीशी संबंध नसलेले ग्रंथिकर्करोग (ग्रंथींच्या पेशींतून उगवणारे) अधिक चिवट असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या वर्गीकरणात त्यांचा गट म्हणूनच वेगळा केला आहे.

पेशी किती वेगाने विभागतात हे केआय-६७ हे प्रथिन दाखवते, पण भवितव्याबाबत त्याचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. कर्करोगाला प्रतिकारशक्तीपासून लपवणाऱ्या पीडी-एल१ या प्रथिनाचे मोल आज मुख्यतः पसरलेल्या आजारात औषध निवडताना आहे.

रक्तातील निर्देशकांत एससीसी अँटिजेन महत्त्वाचा. काटो आणि टोरिगोए यांनी १९७७ मध्ये तो गर्भाशयमुखाच्या शल्कपेशी-कर्करोगातून (पृष्ठभागावरील चपट्या पेशींच्या कर्करोगातून, इंग्रजीत एससीसी) वेगळा केला. उपचारांपूर्वीच तो वाढलेला असेल, तर लसिकाग्रंथींकडे बारकाईने पाहावे लागते. उपचारांनंतर उतरलेला आकडा पुन्हा चढू लागला, तर लक्षणे दिसण्याआधीही आजार परतल्याची शंका घेता येते. मात्र सोरायसिस आणि मूत्रपिंडाच्या विकारातही तो वाढतो, नमुन्यात लाळ मिसळली तरी वाढतो, आणि ग्रंथिकर्करोगात फारसा उपयोगी पडत नाही. एकाच आकड्यावरून रुग्णाला घाबरवणे योग्य नव्हे. लागोपाठच्या तपासण्यांतला कल पाहावा.

हा सारा विचार आजार लवकर सापडला तरच लागू पडतो, आणि भारतात बहुतेक रुग्ण उशिरा येतात. मुंबईत टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या चाचणीत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी ॲसिटिक आम्ल लावून गर्भाशयमुख पाहिले. दर दोन वर्षांनी झालेल्या अशा चार फेऱ्यांमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. प्रयोगशाळेचे महागडे साधन न वापरता मिळालेले हे यश या नोंदीतील कोणत्याही प्रथिनापेक्षा मोठे आहे.

परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांच्या हातातल्या पिशवीत फाइलबरोबर गावच्या लॅबचे मेणाचे ब्लॉक (मेणात बसवलेले बायोप्सीचे तुकडे) आणि काचेच्या स्लाइडही असतात. पेशींतील प्रथिनांची तपासणी याच ब्लॉकवर होते. बायोप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये उशिरा पडला किंवा नीट मुरला नाही, तर पेशीत प्रथिन असूनही रंग फिका येतो आणि अहवाल चुकू शकतो.