ईसीएम गेला म्हणण्याआधी

गाडीच्या मालकाला गॅरेजमध्ये ऐकाव्या लागणाऱ्या वाक्यांत "ईसीएम गेला", म्हणजे इंजिनचा संगणक गेला, याच्याइतकं घाबरवणारं वाक्य क्वचितच असेल. इंजिनचं काम निघालं तर निदान झिजलेला भाग हातात घेऊन बघता येतो. इथे असतो एक बंद ॲल्युमिनियमचा डबा, त्याच्या कपलरमधून (वायरी जोडायच्या खटक्यातून) निघालेल्या ढीगभर वायरी आणि नव्या डब्याची हजारोंच्या घरातली किंमत. अशा वेळी मालकाने एक प्रश्न जरूर विचारावा: गेला, तर कशाने गेला? याचं उत्तर मिळाल्याशिवाय नवा ईसीएम बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्याला ज्याने मारलं तो दोष गाडीत तसाच राहिला, तर नवाही त्याच वाटेने जातो.

ईसीएम म्हणजे इंजिन कंट्रोल मॉड्यूल. १९८३ साली आलेल्या पहिल्या मारुती ८०० मध्ये तो नव्हता. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण कार्ब्युरेटर करायचा. आज पेट्रोल गाडीत १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे वजनी प्रमाण धरून राहण्याची जबाबदारी ईसीएमवर असते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि त्याच्यावरचं काम आणखी वाढलं. हे काम किती बारीक असतं ते बघा. क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर, एक दातेरी चाक असतं. बऱ्याच गाड्यांत त्यावर ६० दात्यांची जागा असते, पण दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. ती रिकामी जागा समोरून गेली की ईसीएमला क्रँक नेमका कुठे आहे ते कळतं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर एक फेरा २० मिलिसेकंदांत होतो, म्हणजे एक अंश फिरायला सेकंदाचा साधारण अठरा हजारावा भाग लागतो. ठिणगी कुठल्या अंशाला पाडायची आणि इंधन फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, हे या वेगाने, प्रत्येक फेऱ्याला ठरत असतं.

एवढं सगळं करणारा डबा बंद पडल्यासारखा वाटतो तेव्हा बहुतेक वेळा तो बंद पडलेला नसतो, उपाशी असतो. त्याला वीज हवी, अर्थ (म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत जाणारी विजेची वाट) हवा आणि सेन्सर धड हवेत. यातलं एक काही तुटलं की स्कॅनरवर, म्हणजे ईसीएममधले दोष वाचणाऱ्या यंत्रावर, "संपर्क होत नाही" असं येतं, आणि निदान तिथेच थांबतं.

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका गॅरेजमध्ये मी हे काम जवळून पाहिलं. गाडी स्टार्ट होत नव्हती आणि स्कॅनर ईसीएमशी बोलत नव्हता. दुसरीकडून ईसीएम बदलण्याचा सल्ला घेऊनच मालक आले होते. वायरिंगचं काम करणारे अण्णा म्हणाले, "ईसीएमचं नंतर बघू की मालक, आधी अर्थ बघू." त्यांनी वायरीतला अडथळा मोजायला मल्टिमीटर ओहमवर लावलाच नाही. कपलर काढला, ईसीएमला वीज देणाऱ्या पिनला आणि अर्थच्या पिनला २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब जोडला आणि चावी फिरवली. बल्ब मिणमिणला. बॅटरीवर थेट लावल्यावर तोच बल्ब लख्ख पेटला.

यातलं विज्ञान साधं आहे. वायरीचे सगळे तार तुटून एकच शिल्लक राहिला, तरी मल्टिमीटर "जोड आहे" असंच दाखवतो, कारण तपासताना तो अगदी थोडा प्रवाह सोडतो. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. एवढा प्रवाह मागितला की वायरीतला अडथळा उघडा पडतो. अण्णांनी अर्थची वायर मागे मागे तपासत नेली. बॅटरीखाली बॉडीला बसवलेल्या बोल्टपाशी हिरवट-पांढरा गंज साचला होता. बोल्ट काढला, पत्रा घासून चकचकीत केला, पुन्हा आवळला. स्कॅनर बोलायला लागला.

अर्थचा बोल्ट इतका महत्त्वाचा का, ते एका हिशेबात दिसतं. स्टार्टर फिरताना छोट्या गाडीतही दीडशे अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. परतीच्या वाटेवर एका ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा असला तरी तिथे दीड व्होल्ट खर्च होतात. इंजिनपासून बॉडीकडे येणारी जाड पट्टी गंजली असेल तर हा प्रवाह दुसरी वाट शोधतो. कधी ती वाट ईसीएमच्या बारीक अर्थमधून जाते आणि बोर्डावरची तांब्याची रेघच जळते. मग ईसीएम खरोखर जातो, पण गुन्हेगार बॉडीवरचा बोल्ट असतो.

दुसरा फसवा प्रकार पाच व्होल्टचा. सेन्सरांना ईसीएम बारा व्होल्ट देत नाही. तो आतच पाच व्होल्ट तयार करतो आणि एकाच वायरीवरून अनेक सेन्सरांना वाटतो. त्यातला एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचेच पाच व्होल्ट कोसळतात. एसीच्या गॅसचा दाब मोजणारा सेन्सर बिघडावा आणि गाडीने ॲक्सिलरेटर घेणं सोडावं, असंही काही गाड्यांत घडतं. स्कॅनरवर एकदम पाच-सहा सेन्सरांच्या दोषाचे कोड आले की ईसीएमवर संशय जातो, आणि तो स्वाभाविकही आहे. अशा वेळी सेन्सरांचे कपलर एकेक करून काढत जायचं आणि मीटरवर नजर ठेवायची. ज्याचा कपलर निघताच पाच व्होल्ट परत येतात, तो सेन्सर दोषी.

तिसरी जागा कॅन बस. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केलेली ही पद्धत. पिळ घातलेल्या दोन वायरींवरून गाडीतले मॉड्यूल, म्हणजे ईसीएमसारखे वेगवेगळे संगणक, एकमेकांशी बोलतात. दोन्ही वायरींवर बाहेरचा गोंधळ सारखाच चढतो आणि मॉड्यूल त्यांच्यातला फरक तेवढा वाचतात, म्हणून गोंधळ आपोआप वजा होतो. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. त्यामुळे बॅटरी काढून स्कॅनरच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मोजलं तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका बाजूचं टोक तुटलंय, शून्याच्या जवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगमध्ये दोन्ही प्रकार सापडतात.

या सगळ्यातून डबा निर्दोष सुटला नाही, तरच त्याच्यावर यायचं. "पी ०६०६" हा प्रोसेसरमधल्या दोषाचा किंवा "पी ०६०१" हा मेमरीची बेरीज न जुळल्याचा कोड पुन्हा पुन्हा येत असेल, आणि वीज व अर्थ ठणठणीत असतील, तर मात्र संशय पक्का होतो.

मग तो जातो कशाने? सोलापूरकरांना पहिलं कारण उन्हाचं वाटेल, आणि ते चूक नाही. बोर्ड आणि त्यावरचे सिरॅमिकचे भाग तापल्यावर सारखे फुगत नाहीत. ८० अंशांच्या चढउतारात पाच मिलिमीटरच्या भागापाशी साडेतीन मायक्रॉनचा फरक पडतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून हा फरक किती सूक्ष्म ते कळेल. पण दर फेरीला गाडी तापते आणि निवते. हजारो वेळा ताण पडला की झाळणाला भेग जाते. दुपारी मोहोळपर्यंत जाऊन बंद पडणारी आणि संध्याकाळी निमूट चालू होणारी गाडी या भेगेचं लक्षण असू शकते. मात्र ते दातेरी चाक वाचणारा क्रँक सेन्सर तापला की हुबेहूब असंच करतो, आणि तोच जास्त वेळा दोषी निघतो. गाडी बंद असतानाच स्टार्टर मारून स्कॅनरवर आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) बघावेत. स्टार्टर फिरतोय आणि आरपीएम शून्य, तर आधी सेन्सर आणि त्याची वायर.

दुसरं कारण आपल्या हातचं आहे, म्हणून मला जास्त बोचतं. चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून डायनमो चार्ज करतो का बघायची जुनी सवय अजून सुटलेली नाही. चार्जिंगचा प्रवाह अचानक तोडला की अल्टरनेटरमधलं (ज्याला आपण डायनमो म्हणतो) चुंबकत्व लगेच विरत नाही आणि व्होल्टेज उसळतं. संरक्षण नसेल तर बारा व्होल्टच्या गाडीत ते सेकंदाच्या काही दशांशांसाठी शंभर व्होल्टपर्यंत जाऊ शकतं. नव्या अल्टरनेटरमधले डायोड ही उसळी रोखतात, पण त्यांच्या भरवशावर हा प्रयोग करू नये. चार्जिंग तपासायला टर्मिनल न काढता मीटर लावला की झालं: चालू गाडीत साधारण १४ व्होल्ट दिसतात.

तिसरं कारण शॉर्ट झालेली ठिणगीची कॉइल किंवा इंजेक्टर. त्यांना चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर ईसीएममध्ये असतो आणि जास्त प्रवाहाने तो जळतो. कॉइल तीच ठेवून नवा ईसीएम लावला तर नवा ट्रान्झिस्टरही जळतो.

डबा बदलायचा ठरला तरी जुना काढून नवा लावला एवढ्याने भागत नाही. गाडीचा १७ अक्षरांचा ओळख क्रमांक (व्हीआयएन), इंजिनचा प्रोग्रॅम, ईसीएमने चालता चालता शिकलेल्या दुरुस्त्या आणि चावीची ओळख हे सगळं आतल्या मेमरीत असतं. चावीत एक बिनबॅटरीची चिप असते. चावीच्या छिद्राभोवतीची कॉइल तिला रेडिओ लहरींमधून वीज देते. गाडी तिला एक यादृच्छिक आकडा पाठवते, आणि चिप तिच्यात साठवलेल्या गुप्त किल्लीने, म्हणजे एका गुप्त आकड्याने, त्यावर प्रक्रिया करून उत्तर परत करते. उत्तर जुळलं तरच इंजेक्टर चालू होतात. भंगारातून आणलेल्या ईसीएममध्ये दुसऱ्याच गाडीची गुप्त किल्ली असते, म्हणून पार्ट नंबर जुळूनही गाडी सुरू होत नाही. जुन्या डब्याची मेमरी वाचता येत असेल तर ती नव्यात उतरवतात. नाहीतर कंपनीच्या साधनाने चाव्या नव्याने जोडाव्या लागतात. डिझेल गाडीत आणखी एक काम असतं. प्रत्येक इंजेक्टरवर त्याच्या बारीक फरकाचा कोड कोरलेला असतो, आणि तो त्या-त्या सिलिंडरच्या नावावर ईसीएममध्ये भरावा लागतो. हे राहिलं तर इंजिन थरथरतं आणि धूर सोडतं.

प्रोग्रॅम भरताना बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा चार्जर जोडावाच. निम्म्यावर वीज ढासळली तर नवाकोरा ईसीएम तिथेच मरू शकतो.

काम झाल्यावर गाडी नुसती गॅरेजबाहेर फिरवून आणू नका. तुळजापूरच्या घाटापर्यंत नेऊन इंजिनवर भार येऊ द्या आणि स्कॅनरवर इंधनाची दुरुस्ती, म्हणजे ईसीएम ठरलेल्या इंधनात किती वाढ-घट करतोय, ती किती टक्के दिसते ते बघा. पेट्रोल गाडीत ती वजा दहा ते अधिक दहाच्या आत राहिली तर हिशेब जुळला. सतत अधिक दहाच्या वर जात असेल तर हवा कुठेतरी गळतेय किंवा इंधन कमी पडतंय, आणि जुना ईसीएम कदाचित तेच सांगत होता. जुना डबा मात्र मिस्त्रीकडून मागून घ्या. तुमच्या चाव्यांची ओळख अजून त्याच्यातच आहे.